नवसाची शाल आणि बदललेली वीण



८ सप्टेंबरला पवित्र मरियामातेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारी बांद्र्याला मोत माउलीची यात्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. मुळशीतला पाऊस जरा उसंत घेऊ लागला की आपल्या धर्मग्रामातही बांद्र्याच्या बसची चौकशी सुरू होते. कोणी मेणाचा हात नेणार असतो, कोणी मेणाचे घर, कोणी नुसतीच मेणबत्ती. आणि याच दिवसांत रविवारच्या मिस्सानंतर सांक्रिस्तीच्या दाराशी दोन-चार जण घुटमळताना दिसतात. इतर सगळे गेले की हळूच विचारतात, "फादर, एक नवस राहिलाय. जमत नाहीये. काय करायचं?"

हा प्रश्न आम्ही किरकोळ मानत नाही. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुतेक वेळा भीती असते. नवस राहिला म्हणून घरात आजार आला, नवस अर्धा फेडला म्हणून नोकरी गेली, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. म्हणून या रविवारी आम्ही नवसाबद्दल लिहायचे ठरवले आहे. त्यासाठी आपल्याच धर्मग्रामातील एका आजींच्या विणकामाचा आधार घेतो. आजींची परवानगी घेतली आहे. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी ती आनंदाने दिली.

आजींच्या सुनेला दिवस गेले होते आणि सुरुवातीपासूनच अडचणी होत्या. तेव्हा आजींनी मोत माउलीला नवस केला की बाळ सुखरूप झाले तर पांढऱ्या लोकरीची, दीड वार लांब, पानांच्या जाळीची शाल स्वतःच्या हाताने विणून तुझ्या पायाशी ठेवीन. आजी मूळच्या अहमदनगरकडच्या. तिथल्या सिस्टरांच्या शाळेत त्या विणकाम शिकल्या आणि पानांची ही वीण त्यांच्या थोरल्या बहिणीने वहीत उतरवून दिली होती. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी देशभरातल्या बायाबापड्या जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणत होत्या, त्यांत आजींची आईही होती. विणकाम ही त्या घरची जुनी सवय.

ज्यांनी कधी सुया हातात धरल्या नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या स्वेटरची वीण भरीव असते, जाळीची वीण भोकांची असते. भोक पाडण्यासाठी दोन टाक्यांच्या मध्ये सुईवर लोकरीचा एक वेढा घ्यायचा. त्या वेढ्याने भोक तर पडते, पण सुईवर एक टाका वाढतो. मग तो कुठेतरी कमी करावा लागतो. त्यासाठी शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे. जितकी भोके, तितक्या जोड्या. एखाद्या ओळीत वेढे घेतले आणि जोड्या करायचे विसरले तर शाल झालरीसारखी पसरत जाते आणि तिचा आकारच राहत नाही. आजींनी हे आम्हाला समजावून सांगितले तेव्हा धर्मग्रामातील अलीकडचे मृत्यू डोळ्यांसमोर आले. एखाद्या घरात माणूस गेला की भोक पडते, ते काही केल्या भरून निघत नाही. पण शेजारची दोन माणसे एकमेकांना घट्ट धरून राहिली तर घराचा आकार टिकतो.

असो. शालीकडे येऊ.

आजींनी १५० टाके घातले. दोन्ही काठांना तीन-तीन साधे, आणि मधल्या १४४ वर पाने. एक पान १२ टाक्यांचे, म्हणजे एका ओळीत १२ पाने. प्रत्येक ओळीत वेढ्यांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे सतत मोजावे लागते. निम्म्याच्या जरा अलीकडे काम आले आणि उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू त्रास देऊ लागला. दिव्याखाली पांढऱ्यावर पांढरे दिसेना. रोज चार ओळी विणायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या तीन उसवायच्या, असे आठवडाभर चालले.

मग आजींनी वीण बदलली. वहीत आणखी एक नमुना होता, लाटांचा. ही वीण मूळची स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरची. तिथल्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या बायका अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल विणत, आणि पुष्कळशा विणी कागदावर न लिहिता आईकडून मुलीकडे जात. लाटांच्या विणीत चार ओळींचा एक फेरा असतो. त्यांतल्या तीन ओळी अगदी साध्या, डोळे मिटून विणता येतील अशा. जाळी फक्त एका ओळीत. आधी सहा टाक्यांच्या तीन जोड्या, मग सहा टाक्यांबरोबर सहा वेढे, मग पुन्हा सहा टाक्यांच्या तीन जोड्या. सहा वेढे आणि सहा जोड्या, हिशोब पूर्ण. पण ही लाट १८ टाक्यांची. सुईवर १४४ टाके होते आणि १४४ ला १२ ने भाग जातो तसा १८ नेही जातो. बारा पानांच्या जागी आठ लाटा बसल्या. एकही टाका घालावा लागला नाही, की सोडावा लागला नाही. "चौथीतले पाढे उपयोगी पडले," असे आजी म्हणाल्या.

एवढ्यात सून सातव्या महिन्यातच बाळंत झाली.

बाळ मुठीएवढे. कित्येक आठवडे ते काचेच्या पेटीत होते. दुसऱ्या रात्री डॉक्टरांनी आशा कमी असल्याचे सांगितले, तेव्हा आईवडिलांच्या इच्छेने वॉर्डातल्या एका ख्रिस्ती परिचारिकेने बोटांनी पाणी घालून बाळाला स्नानसंस्कार दिला. येथे एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. प्राणावर बेतले असेल तर कोणीही, अगदी अख्रिस्ती व्यक्तीनेही, चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याच्या हेतूने, पाणी घालून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला स्नानसंस्कार खरा असतो. तो पुन्हा देत नाहीत. मूल बरे झाले की त्याला चर्चमध्ये आणतात आणि राहिलेले विधी पूर्ण करतात. पवित्र तैलाचा अभ्यंग, शुभ्र वस्त्र, पेटलेली मेणबत्ती. म्हणजे स्वतः चर्चलाही ठरलेल्या क्रमातली वीण कधी कधी बदलावी लागते, आणि त्यासाठी चर्चने आधीच विचार करून ठेवलेला आहे.

बाळ जगले. देवाची कृपा, आणि त्या वॉर्डातल्या माणसांची मेहनत. आम्ही दोन्ही म्हणतो.

त्यानंतर एका संध्याकाळी भर पावसात आजी प्लास्टिकच्या पिशवीत शाल घेऊन आल्या. शाल एक वाराहून थोडीच लांब होती. अर्धी पानांची, अर्धी लाटांची. लोकर संपली आणि त्याच छटेची पुन्हा मिळाली नाही, म्हणून काठ जरा दुधी रंगाचा. शेजारच्या एका बाईने त्यांना सांगितले होते की बोलल्याप्रमाणे नवस न फेडल्याने माउली कोपली आणि म्हणूनच बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले. आजींनी शाल टेबलावर ठेवली आणि विचारले, "फादर, मी वीण बदलली त्याच आठवड्यात सुनेला कळा लागल्या. माझ्यामुळे झालं का?" आणि मग आणखी हळू आवाजात, "स्तोत्रात म्हटलंय ना, देव आईच्या उदरात माणसाला विणतो. मग त्याचंच विणकाम अर्धं का राहिलं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि ते आम्ही ठामपणे दिले. नाही. देव सावकार नाही, आणि त्याची आई तर त्याची वसुली करणारी नाहीच. चार टाके चुकले म्हणून जो तान्ह्या बाळावर सूड घेईल तो येशूचा पिता नव्हे. अशा भीतीतून फेडलेल्या नवसाला भक्ती म्हणणे आम्हाला जड जाते. ज्या शेजारणींनी हे सांगितले त्यांचा हेतू वाईट नसेल, पण असे बोलणे सोडून द्यावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते, आजही नाही. १३९ वे स्तोत्र आमचे आवडते आहे. पण ते रचणाऱ्याने आपल्या जन्माचा विस्मय गायिला आहे, कोणते मूल कितव्या महिन्यात का जन्मते याचे कारण त्यात सांगितलेले नाही. आणि मुळशीत राहून आम्हाला असेही म्हणता येत नाही की आयुष्याचा बदललेला प्रत्येक नमुना देवानेच बदलला. १९२१ साली येथील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईला वीज हवी होती, त्यासाठी त्यांची भातखाचरे आणि घरे पाण्याखाली गेली. ज्यांची जमीन बुडाली त्यांना "देवाची योजना" असे सांगणे हे देवाच्या नावावर माणसाची करणी खपवणे झाले असते. काही वेळा माणूसच दुसऱ्याचे विणलेले उसवतो. काही वेळा शरीर उसवते, आजार उसवतो. देव त्यानंतर काय विणतो तेवढेच आपल्याला पाहता येते, आणि तेही पुष्कळ उशिरा.

आता खुद्द नवसाकडे. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात नवसाविषयी मोजकेच नियम आहेत, पण ते फार शहाणपणाचे आहेत. कलम ११९१ म्हणते की नवस म्हणजे देवाला विचारपूर्वक व मोकळ्या मनाने दिलेले वचन, आणि तेही शक्य असलेल्या व अधिक चांगल्या गोष्टीचे. "शक्य" हा शब्द अधोरेखित करावा. कलम ११९४ प्रमाणे वचन दिलेली गोष्टच मुळात बदलली, किंवा ज्या हेतूने नवस केला तो हेतूच उरला नाही, तर नवस आपोआप संपतो. कलम ११९६ प्रमाणे आपल्या धर्मग्रामस्थांना खाजगी नवसातून योग्य कारणासाठी मोकळे करण्याचा अधिकार धर्मगुरूला आहे, त्यातून दुसऱ्या कोणाचा हक्क डावलला जात नसेल तर. आणि कलम ११९७ सर्वांत सुंदर आहे. ज्याने खाजगी नवस केला तो स्वतःच त्याच्या बदल्यात तितकेच चांगले किंवा अधिक चांगले काम करू शकतो. त्यासाठी कोणाला विचारायची गरज नाही. काम कमी प्रतीचे असेल तरच धर्मगुरूकडे यायचे.

हे काही विसाव्या शतकात कोणी सवलत म्हणून काढलेले नाही. संत थॉमस अक्विनास तेराव्या शतकात लिहितात की जी गोष्ट सर्वसाधारणपणे चांगली असते ती एखाद्या विशिष्ट प्रसंगी वाईट, निरुपयोगी किंवा अधिक चांगल्या गोष्टीच्या आड येणारी ठरू शकते. अशा वेळी नवसातून सूट देणे योग्य आहे. जुन्या करारातील इफ्ताहाने, विजय मिळाला तर घराच्या दारातून जे प्रथम बाहेर येईल त्याचे अर्पण करीन असा नवस केला आणि बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. त्याने नवस फेडला. थॉमस संत जेरोम यांचा हवाला देऊन सांगतात की नवस करताना त्याने अक्कल गहाण टाकली आणि फेडताना धर्म.

थॉमस यांनी हा विचार ज्यांच्याकडून घेतला त्या ॲरिस्टॉटल यांचे एक उदाहरण सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्या मनात जे बसले ते कायमचे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. लाकडी किंवा लोखंडी पट्टी दगडाच्या उंचवट्यावर बसत नाही, शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. कायदा जिथे सर्वसाधारण असल्यामुळे अपुरा पडतो, तिथे न्यायी माणूस अशा पट्टीने मोजतो. पण वाकली तरी ती पट्टीच आहे, दोरी नव्हे, हे विसरू नये. आजींनी पानांच्या लाटा केल्या, पण वेढा आणि जोडी यांचा हिशोब सोडला नाही, १४४ चे १४३ केले नाहीत. अमेरिकेतील प्रसिद्ध विणकाम शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७४ साली गोल शालीची एक युक्ती प्रसिद्ध केली, ती अशीच आहे. नऊ टाक्यांपासून सुरुवात करायची आणि ठरावीक फेऱ्यांनंतर टाके दुप्पट करायचे, १८, ३६, ७२, १४४ असे. दोन दुपटींमधले अंतरही दर वेळी दुप्पट होत जाते, कारण वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. दुपटीचा नियम मोडला तर शाल गोल होणार नाही. मधल्या फेऱ्यांत मात्र जी वीण आवडेल ती घाला, कोणी विचारणार नाही.

हे लिहिताना आम्हाला आपले काही तरुण बंधू आठवतात. हिंजवडीत किंवा पिरंगुटच्या कारखान्यात रविवारी पाळी असते म्हणून मिस्सा चुकते, असे ते सांगतात. त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला यावे. रविवारचे कर्तव्य त्याने पूर्ण होते, ही सोय चर्चनेच केली आहे. पाळी टाळता येत नसेल आणि शनिवारही जमत नसेल तर आमच्याशी बोलावे. पण चार-चार महिने चर्चची पायरी न चढता "फादर, आम्ही ॲडजस्ट करतो" असे म्हणणे ही बदललेली वीण नव्हे. सुईवरून टाकेच सुटले आहेत, आणि सुटलेला टाका किती ओळी खाली घसरतो ते कोणत्याही विणणारीला विचारा. जाणत्या बाया त्यासाठी दर दहा-बारा ओळींनी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा एक दोरा ओवून ठेवतात. पुढे काही बिघडले तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचे, सबंध शाल नाही. प्रायश्चित्त संस्कार वेळच्या वेळी घेणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तर आजींच्या नवसाचे काय झाले? आम्ही दोघांनी बसून विचार केला. बाळाला चर्चमध्ये आणायचे होते आणि त्याला शुभ्र वस्त्र लागणार होते. आजींना वाटत होते की माउलीसाठी विणलेली शाल बाळाने पांघरली तर ती उष्टी होईल. आम्ही त्यांना याफा गावच्या टबीथेची आठवण करून दिली. ती मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत संत पेत्राला दाखवले ते तिने त्यांच्यासाठी शिवलेले कपडे. ते त्यांनी वापरलेलेच असणार. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात वस्त्रांचे हे प्रदर्शन आहे, आणि त्यात एकही वस्त्र वेदीसाठी शिवलेले नाही. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माउलीलाही एक बाळ होतंच की."

शाल कोमट पाण्यात भिजवली, पिळली नाही, गादीवर ताणून कडेने टाचण्या टोचल्या. जाळीची शाल विणून होते तेव्हा चोळामोळा झालेल्या फडक्यासारखी दिसते. भिजवून ताणल्याशिवाय तिची नक्षी उघडत नाही. ऊन असते तर एका दिवसात वाळली असती. आपल्या मुळशीच्या पावसात चार दिवस लागले, तेही पंख्याखाली. रविवारच्या दहाच्या मिस्साला बाळाला ती पांघरली तेव्हा पाने कुठे संपतात आणि लाटा कुठे सुरू होतात हे जवळून पाहणाऱ्यांनाच कळले. बाळ तेल लावताना रडले, शाल पांघरल्यावर गप्प झाले. आम्ही याला चमत्कार म्हणणार नाही, लोकर उबदार असते.

नवसाच्या बदल्यात आजींनी जे ठरवले ते त्यांनी स्वतः ठरवले. कलम ११९७ प्रमाणे त्यांना आमची परवानगी लागली नाही. डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी त्या टोप्या विणू लागल्या. अशा बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे फार लवकर निघून जाते, म्हणून टोपी लागते. अलीकडे अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवतात, तेव्हाही डोक्यावर टोपी असते. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली. तिथल्या सरकारी रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी आयांनाच पेटी केले, आणि पुढे जगभर हे उपचार म्हणून मान्य झाले. पेट्या पुरेशा असत्या तर हे कोणाला सुचले असते की नाही, कोण जाणे.

आजींच्या सोबत आता आणखी पाच जणी बसतात, दर बुधवारी माळेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत. ज्यांना येता येत नाही त्यांनी घरी विणून टोप्या मिस्सापूर्वी सांक्रिस्तीत द्याव्यात. लोकर नवी व मऊ असावी, टोचणारी नको. जाळीची वीण नको, लहान बोटे भोकात अडकतात. आतल्या बाजूला गाठी, वर गोंडे किंवा मणी लावू नयेत. आकार मोठ्या संत्र्याएवढा, आणि काही लिंबाहून जराच मोठ्या आकाराच्याही लागतात. बांद्र्याच्या बसची नावनोंदणी पुढच्या रविवारपर्यंत चालेल. ज्यांच्या मनात राहिलेल्या नवसाची टोचणी आहे त्यांनी त्याआधी आमच्याकडे अवश्य यावे. शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा आम्ही चर्चमध्येच असतो.